हिरवी वायर

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, कूलरच्या टाकीत नळी सोडताना मला करंट बसला. फार नाही, बोटांपासून कोपरापर्यंत एक झिणझिणी गेली आणि हात आपोआप मागं आला. नळी खाली पडली, पाणी फरशीभर झालं. मी ओरडलो वगैरे नाही. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये परिचर म्हणून काढल्यावर माणूस करंटला ओरडत नाही, तो कुठून आला ते बघतो. मी बघत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मेथी निवडत बसलेली माझी बायको मनकर्णा, मान वर न करता म्हणाली, "टिकली वर केली न्हाई का?"

"कशाची टिकली?"

"पिनीची." तिनं मेथीच्या काडीनं भिंतीवरचा बोर्ड दाखवला. "ती वर आसली की बसत न्हाई. खाली गेली की बसतो. सकाळी तुमी पिन काढून ते ड्रिल चार्जिंगला लावलं व्हतं ना, मग परत घालताना उलटी घातली आसंल."

मी वाकून पाहिलं. कूलरच्या पिनेच्या एका अंगाला मरून रंगाची बारकी टिकली चिकटवलेली होती आणि ती खालच्या बाजूला गेली होती. आमच्याकडं कूलरला करंट उतरला की पहिला उपाय हाच, पिन उलटी करून बघा. परभणीत हे सर्दीला हळद-दूध सांगावं तितक्या सहज सांगतात, आणि बऱ्याचदा ते लागूही पडतं. पण कोणती बाजू सुलटी हे ध्यानात राहावं म्हणून पिनेला टिकली लावलेली मी कुठं पाहिली नव्हती. लॅबमध्ये अशा कामाला आम्ही लाल रंगाचा ठिपका देत असू. बोरीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या बायकोनं प्रयोग केला होता, निरीक्षण केलं होतं, निष्कर्ष काढला होता. फक्त वहीत लिहिलं नव्हतं.

"तुला कधी बसला करंट?"

"मला? मला तर रोजच बसायचा." दूधवाला रोजच येतो, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. "टिकली लावल्यापसून न्हाई बसत. कवा ध्यानात न्हाई राहिलं तर बसतो."

"कधीपासून?"

"दोन उन्हाळे झाले. ह्यो तिसरा."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं मेथीची जुडी झटकली, पिवळी पानं एका बाजूला केली आणि मग म्हणाली, "सांगून काय. तुमी खोलून बसला आसता."

ते म्हणून ती उठली आणि मेथी धुवायला गेली. बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. टोमणा मला ओळखू येतो. सदतीस वर्षांत तेवढं शिक्षण झालेलं आहे. पाऊस आला असता, लाईट गेली असती, तुमी खोलून बसला असता, अशा सुरात तिनं ते म्हटलं होतं. मी फरशीवरचं पाणी पुसून घेतलं. पुसताना हे वाक्य मनात चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते थोडं अधिक खरं वाटलं, आणि मला राग आला.

राग येण्याचं कारण सरळ होतं. आमच्या गल्लीत घरात मिस्त्री न बोलावणारा एकटा मी. जिन्याखाली माझं एक कपाट आहे, त्यात प्लायवूडवर प्रत्येक हत्याराची पेन्सिलीनं आकृती काढलेली आहे आणि ज्या त्या आकृतीवर ते ते हत्यार खिळ्याला टांगलेलं असतं. पक्कड कुणी नेली तर तिची नुसती आकृती दिसते आणि चोरी उघडकीला येते. लॅबमध्ये मोडके गॅल्व्हानोमीटर मीच जुळवायचो. सर लोक म्हणायचे, दिनकररावांच्या हाताला गुण आहे. निवृत्त झालो तेव्हा नारळ आणि शालीबरोबर त्यांनी मला स्क्रूड्रायव्हरचा सेट दिला होता, आणि मला त्या शालीपेक्षा त्याचं जास्त बरं वाटलं होतं. आता मोबाईलवर तर सगळंच दिसतं. गिझर कसा खोलायचा, फ्लश टँकचा वॉशर कसा बदलायचा, एक पोरगं हसत हसत दाखवतं आणि सात मिनिटांत जोडून मोकळं होतं. माझं सात मिनिटांत होत नाही, हे खरं आहे. मागच्या वर्षी मिक्सर खोलला, त्याच्या मोटरमध्ये घालायचा कार्बन मिळेना. एकोणीस दिवस तो कोपऱ्यात वर्तमानपत्रावर पसरलेला होता आणि कुणी पंखा लावला की मी ओरडायचो, कारण बारके स्क्रू कागदाबरोबर उडतात. त्या एकोणीस दिवसांत मनकर्णानं चटणी पाट्यावर वाटली. मला ती चटणी चांगली लागली होती आणि मी तसं बोलून दाखवलं होतं. आता आठवतं की ती त्यावर काही बोलली नव्हती.

पण करंट म्हणजे मिक्सर नव्हे. फरशी पुसता पुसता मी मनात आकडेमोड केली. उन्हाळा शंभर दिवसांचा, कूलर दिवसातून दोन वेळा भरायचा, म्हणजे दोन उन्हाळ्यांत चारशे वेळा ती ओल्या हातांनी त्या पत्र्यापाशी गेली होती. त्यातल्या निम्म्या वेळा टिकलीनं वाचवलं असं धरलं तरी दोनशे उरतात. दरसाल मे महिन्यात पेपरात ती बातमी येते, कुठल्या तरी गावात कूलरमध्ये पाणी भरताना बाई चिकटली, सोडवायला सासू गेली, तीही चिकटली. गेल्या मे महिन्यात ती बातमी मीच तिला चहा पिताना मोठ्यानं वाचून दाखवली होती. वर म्हणालो होतो, लोक किती बेफिकीर असतात बघ. ती म्हणाली होती, "हं." कूलरसमोर एक लाकडी पाट असतो. तो मीच बनवला, सागाच्या उरलेल्या फळीचा. त्यावर चढून ती पाणी भरायची तेव्हा मला वाटायचं, हात पुरत नाही म्हणून चढते. पाटाचा असा उपयोग होतो याचं मला कौतुकही वाटायचं. ती बुटकी नाही. टाकी तिच्या कमरेच्या उंचीला आहे; पाट लागायचा तो पायाखाली लाकूड असावं म्हणून. हे मला दोन वर्षं डोळ्यांनी दिसत होतं आणि तरी दिसलं नव्हतं. मी तिथंच त्या पाटावर बसून राहिलो.

दोष कुठं होता हे शोधायची मला गरज नव्हती. ते मला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी कूलरची जुनी वायर उंदरानं कुरतडली तेव्हा मी नवी आणली, चांगली तीन तारांची. तांबडी, काळी आणि हिरवी. खोलीतल्या बोर्डावर थ्री-पिनचं वरचं भोक चुन्यानं बुजलेलं होतं, बोर्ड खोलायचा कंटाळा आला, म्हणून मी टू-पिन लावली. हिरवीला जागाच उरली नाही. मी ती दोन्ही टोकांना कापली, टोकांवर काळी टेप नीट गुंडाळली आणि आत दडवून टाकली. हिरवी वायर म्हणजे जास्तीची, असं आमचं अर्धं शहर मानतं. हिरवीवाचून पंखा फिरतो, कूलर चालतो, मग ती कशाला लागते, असा साधा हिशेब. लोकांचं सोडा. मी एकतीस वर्षं पोरांना अर्थिंगची आकृती फळ्यावर लटकवून द्यायचो. मला माहीत होतं. नंतर करू असं म्हणून मी ते केलं नाही आणि पुढच्या पंधरा दिवसांत विसरून गेलो. ज्याला काही येत नाही तो निदान मिस्त्रीला बोलावतो.

अकराच्या सुमाराला मनकर्णा कुरडया उलटायला गच्चीवर गेली. समोरच्या विजयमालाबाईही तिच्याबरोबर होत्या. वरून दोघींच्या चपलांचा आवाज येत होता. मी घरात एकटा होतो आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी घर तपासायला निघालो. लॅबमध्ये वर्षअखेरीला स्टॉक तपासायचो तसा. न्हाणीच्या नळाला फडक्याची चिंधी बांधलेली होती. चिंधी सोडली तर चाकी गोल गोल फिरत राहायची आणि नळ बंद व्हायचा नाही. हा नळ मी दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केला होता. लोखंडी कपाटाचं दार लागायचं नाही, ते मी बिजागरी ठोकून सरळ केलं होतं. आता दाराच्या फटीत आमच्या मुलाच्या, बालाजीच्या, लग्नाच्या पत्रिकेची घडी खुपसलेली होती, ती काढली की दार सावकाश उघडत यायचं. खिडकीच्या कडीत केसांचा आकडा होता. देव्हाऱ्याचा खण ओढायचा असेल तर आधी डाव्या अंगानं उचलावा लागतो हे मला उचलल्यावर कळलं. गॅसच्या शेगडीखाली एका पायाला मोडलेला खोडरबर होता. एकेका ठिकाणी उभं राहून मी आठवत होतो, हे मी कधी केलं, कशानं केलं, किती वेळ लागला. जिथं मी कधी हात लावला नव्हता, तिथल्या वस्तू धड होत्या.

तेव्हा मला आमच्या पिंगळीच्या घराचं दार आठवलं. माझे वडील, रायभान, साडेतीन एकरांचे धनी. त्या वेळी सुगीला खळ्यावर सुताराला ज्वारीचं बलुतं द्यायची पद्धत होती, त्याच्या बदल्यात तो वर्षभर औतं दुरुस्त करून द्यायचा. एका साली ऐन पेरणीत त्यानं आधी मोठ्या शेतकऱ्यांच्या तिफणी भरून, म्हणजे फण बसवून दिल्या आणि आमची चार दिवस दारात पडून राहिली. वडिलांनी त्या सुगीला बलुतं बंद केलं. उद्यापसून आपलं आपण, असं म्हणाले. वाकस, किकर अशी सुताराची हत्यारं आणली, बाभळीचं लाकूड आणलं, आणि तिफण स्वतः भरली. तिचा एक फण वाकडा बसला. आमचं रान रेल्वेच्या रुळाच्या कडेला. त्या साली रब्बीच्या ज्वारीचे तास एका बाजूला असे झुकत गेले की स्टेशनावर उभ्या माणसालाही दिसावं. लोक हसायचे. वडील म्हणायचे, "तास वाकडे आसतील, कणसं तर सरळ आलीत ना?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं, कणसं सरळच होती. त्यानंतर त्यांनी घराचं दारही स्वतःच केलं. ते चौकटीत घट्ट बसायचं. माझी आई, भिवराबाई, डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेऊन यायची आणि कमरेचा एक धक्का देऊन ते उघडायची. रोज तीन खेपा. तिच्या उजव्या कमरेला कायम काळंनिळं असायचं, ते मी लहानपणी न्हाताना पाहिलेलं आहे. दार कमरेनं ढकलायचं असतं, अशीच माझी समजूत होती. शिकायला परभणीला आलो, खोली घेतली आणि तिचं दार नुसत्या बोटानं उघडलं, तेव्हा मला ते दार हलकं, कमअस्सल वाटलं होतं.

आई वडिलांना कधी दाराबद्दल बोलली का? माझ्या कानावर तरी आलं नाही. वडील गेले त्या वर्षी भावानं नवं दार बसवलं. आई त्यालाही पुढं काही महिने कमरेनं ढकलत होती आणि दर वेळी दार धाडकन भिंतीवर आपटायचं. आम्ही तिला हसायचो. म्हातारीला सवय लागली, म्हणायचो.

मी हॉलमध्ये आलो, कूलरची पिन काढली, मागची जाळी खोलली. गवत अजून ओलं होतं. पंपाशेजारी माझी काळी टेप होती, तीन वर्षांत सुटली नव्हती. टेप मी चांगली गुंडाळतो. टोक सोडवायला घेतलं. अर्ध्या तासाचं काम. बोर्ड उघडायचा, थ्री-पिन बसवायची, हिरवी जोडायची, बॉडीला एक स्क्रू. स्क्रूड्रायव्हर हातात होता. आणि तिथं माझ्या लक्षात आलं की मी हे कितीही चांगलं केलं तरी उद्या सकाळी पाणी भरताना ती आधी पिनेकडं बघणार, मग पाटावर चढणार, मग हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघणार. मी विचारलं तर म्हणेल, न्हाई बसत. आणि मला ते खरं की खोटं हे कळायला काही मार्ग नसणार. तिची भीती माझ्या हातून जाण्यासारखी नव्हती. राग तोवर गेला होता, नुसतं वाईट वाटत होतं. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

वायरमनचा नंबर माझ्याकडं असण्याचा प्रश्नच नव्हता. मनकर्णाचा मोबाईल ओट्यावर होता. गल्लीतल्या बायका कुणाला तरी बोलावतात एवढं मला माहीत होतं; तिच्या फोनमध्ये शोधलं तर 'धम्मदीप लाईट' असं नाव सापडलं. मी लावला. दोन रिंगांत उचलला गेला.

"हां काकू, बोला," पलीकडून मोकळा, ओळखीचा आवाज आला. "काका गेले का बाहेर?"

पंखा फिरत होता. गच्चीवर कुणीतरी ताट ठेवल्याचा आवाज झाला.

"काकाच बोलायलोय," मी म्हणालो.

पलीकडून नुसतं "अं... काका" एवढंच आलं आणि मलाच त्याची दया आली. "या जरा. कूलरला करंट उतरलाय," मी म्हणालो, "हिरवी वायर जोडायची हाय."

धम्मदीप वीस मिनिटांत आला. तिशी ओलांडलेला, अंगानं बारीक, मोटारसायकलच्या हँडलला वायरची दोन वेटोळी. चपला बाहेर काढल्या आणि सरळ आत येऊन स्वयंपाकघराच्या दाराआडचा मेन स्विच बंद केला. तो दाराआड आहे हे पाहुण्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. बंद केल्यावर त्याच्याही ते ध्यानात आलं आणि तो माझ्याकडं बघून ओशाळं हसला.

"किती वेळा आलायस?" मी विचारलं.

"न्हाई काका, तसं काय लय न्हाई." त्यानं बोर्डाचे स्क्रू काढायला सुरुवात केली. "गिझरला एकदा आलतो. न्हाणीतला बोर्ड जळाला तवा एकदा. तुमी पोखर्णीला दर्शनाला गेलते. काकू म्हनल्या, काकांना सांगू नका, त्यांना वाईट वाटंल."

गिझर. तो गिझर मी दिवसभर खपून जोडला होता आणि दुसऱ्या दिवशी पाणी तापलं तेव्हा बालाजीला फोन करून सांगितलं होतं. बालाजीही म्हणाला होता, वा बाबा. त्याला ठाऊक होतं की काय, हा विचार आला आणि मी तो तिथंच सोडून दिला. सगळ्याच दोऱ्या ओढून बघायच्या नसतात. मी बाजूला उभा राहून त्याचा हात बघत होतो. चांगला हात होता, घाई नाही, स्क्रू उघडून लगेच शर्टाच्या खिशात. मी वर्तमानपत्र पसरतो. खिशात ठेवायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नाही.

त्यानं बुजलेलं भोक मोकळं केलं, आतली तार ओढून काढली, मेन जरा चालू करून फेज आणि त्या तारेमध्ये एक बल्ब लावून बघितला. तो लख्ख पेटला. "आयला," तो म्हणाला, "काका, अर्थिंग तर एक नंबर हाय. खड्डा कुनी मारला?"

"मी. घर बांधलं तवा. बावीस वर्षं झाली."

"कोळसा, मीठ घातलंय नीट. ह्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, निम्म्या घरांचं अर्थिंग सुटतं बघा. तुमचं सुटलं न्हाई." तो मनापासून बोलत होता. मला शाळेतल्या पोरासारखा आनंद झाला. त्रेसष्टाव्या वर्षी, भर उन्हाळ्यात, हॉलमध्ये उभ्या उभ्या. मग त्या आनंदाचा पुढचा भाग ध्यानात आला. जमिनीत इतकी चांगली सोय करून ठेवली होती, आणि तिथवर जाणारी हातभर तार मीच कापली होती. मी त्याला तसं सांगितलं नाही, पण त्यानं टेप पाहिली होती.

मनकर्णा गच्चीवरून खाली आली तेव्हा तो शेवटचा स्क्रू आवळत होता. तिच्या हातात रिकामी परात होती. तिनं त्याला पाहिलं, मग मला पाहिलं, आणि चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा तिचा चेहरा पडला. त्या क्षणी मला माझीच शिसारी आली. स्वतःच्या घरात वायरमन पाहून बाईनं का घाबरावं?

"तुमी बोलावलं?" तिनं विचारलं.

"हो."

"काकू, हात लावा आता," धम्मदीप म्हणाला. त्यानं कूलर चालू केला होता, पत्रा ओला होता. तिनं सवयीनं हाताची मागची बाजू लावली. थांबली. मग हात उलटा करून सबंध तळवा ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. "न्हाई," ती म्हणाली. तिच्या तळव्याखालून पाणी ओघळत होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती, कूलरकडं बघत होती.

दुपारी आम्ही दोघंही झोपलो नाही. चार वाजता तिनं चहा आणला. आम्ही रोज बसतो तसे पुढच्या ओसरीत दोन खुर्च्यांवर बसलो. भिंतीकडची तिची, फाटकाकडची माझी. उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. माझ्या मनात एकच प्रश्न होता आणि तो विचारायची मला भीती वाटत होती. इतकी वर्षं घरातलं काही बिघडलं की मी पहिला धावायचो, आणि तिनं ते मला कळू नये अशी तजवीज करून ठेवली होती. उद्या तिला काही झालं, तर मला ते कुणाकडून कळणार होतं? धम्मदीपकडून? मी चहा संपवला, कप खाली ठेवला.

"आणखी काय काय हाय?" मी विचारलं.

"कशाचं?"

"घरात. जे मला सांगितलं न्हाईस ते."

"काय न्हाई," ती लगेच म्हणाली.

"नळाची चिंधी बघितली मी. कपाटातली पत्रिका बघितली. मी काही खोलणार न्हाई. कशालाच हात लावणार न्हाई. नुसतं सांग."

ती बशीतला चहा फुंकत राहिली. मग अंदाज घेत घेत बोलायला लागली. नळाचं. कपाटाचं. देव्हाऱ्याच्या खणाचं. शिलाई मशीनचा पट्टा मी आखूड केला तेव्हापासून ती ब्लाऊज विजयमालाच्या घरी शिवते, हे नवीन होतं. मागच्या दाराची कडी आतून लागते पण बाहेरून उचकटता येते, म्हणून मी गावाला गेलो की ती दारामागं गव्हाची कोठी ओढते. मी ऐकत होतो. प्रत्येक गोष्टीवर तोंडाशी यायचं, अगं ते सोपं आहे, एक वॉशर घातला की झालं. मी ते गिळत होतो. एवढं गिळण्याचा प्रसंग माझ्यावर पूर्वी आला नव्हता. ती थांबली. मला वाटलं, संपलं.

"आन् ह्या कानानं मला ऐकू येत न्हाई," ती म्हणाली.

तिनं हात डाव्या कानापाशी नेला होता. मी पाहिलं. कानात रोजचीच कुडी होती.

"कधीपासून?"

"मागल्याच्या मागल्या दिवाळीच्या आधी सर्दी झालती बघा. तवा कान ठणकला, पू आला. मग हळूहळू बंदच झालं."

"दवाखाना?"

"विजयमालासंगं गेले व्हते. पडदा गेलाय म्हनले. थेंब दिले, पर त्येचा काय उपेग झाला न्हाई."

"मला एका शब्दानं बोलली न्हाईस."

"काय बोलू?" पहिल्यांदाच तिचा आवाज जरा चढला. "तुमी बॅटरी घिऊन कानात बघत बसला आसता. मोबाईलवर काय तरी बघून तेल सोडलं आसतं. मला लय दुखायलं व्हतं. मला कुनी हात लावलेला नको व्हता."

मी सोडलं असतं. लसूण घालून कोमट केलेलं तेल, ड्रॉपरनं, मोजून चार थेंब; दुसऱ्या दिवशी पुन्हा. ड्रॉपर कपाटात आहे. तिनं जे सांगितलं त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मला लाज वाटली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. मग हळूहळू कळायला लागलं की फाटकाकडची खुर्ची तिच्या डाव्या हाताला आहे. दीड वर्ष रोज चार वाजता मी ह्याच खुर्चीवरून बोलत होतो. पेन्शनचं, बालाजीचं, माझ्या छातीत एकदा कळ आली होती त्याचं. तेव्हा घाबरून मी तिला हळू आवाजात सांगितलं होतं की माझं काही झालं तर तू बालाजीकडं पुण्याला जा. ती म्हणाली होती, "हं." मला वाटलं होतं, तिनं किती शांतपणे घेतलं.

मी उठलो. खुर्ची उचलली, तिच्या मागून वळसा घालून भिंतीकडं नेली. तिथं जागा कमी होती. तिला आपली खुर्ची थोडी सरकवावी लागली. ती सरकली. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो. भिंत उन्हानं तापलेली होती आणि पाठीला चटका लागत होता. कान कशानं गेला, कोणत्या डॉक्टरनं पाहिला, ऐकायचं मशीन मिळतं का, सगळे प्रश्न एकदम तोंडाशी आले. मी ते बाजूला ठेवले.

"लय दुखलं का?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं मान वळवली नाही. तशी गरज उरली नव्हती.

"तवा लय दुखलं," ती म्हणाली. "रात रात बसून काढली. तुमी बाजूलाच झोपलेले आसायचे."